तारखा मोडून पाहणाऱ्या तामोरेबाई

बोईसरच्या त्या कंपनीत रुजू झालो त्या दिवशी मला दिलेल्या संगणकासमोर बसलो, तर पडद्यावर तारीख होती ३१ डिसेंबर २०९९. मी कराडचा, पुण्यात चार वर्षं प्रोग्रॅम लिहून इकडे आलेला. यंत्राची बॅटरी गेली असणार असं समजून मी तारीख दुरुस्त केली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याच खुर्चीत बसल्या होत्या. नाकावर घसरलेला चष्मा, अंबाड्यात अबोलीचा गजरा, पुढ्यात तपकिरी कव्हरची शाळेतली वही.

"तारीख तुम्ही बदललीत?"

"हो. चुकीची होती."

"चुकीची नव्हती, माझी होती. सकाळपासूनचं काम गेलं. ह्याच्या पुढची तारीख हे मशीन घेतच नाही. शेवटच्या दिवशी ते कसं वागतंय ते बघत होते मी."

शंभर वर्षांनंतरच्या एका रात्री संगणक कसा वागेल याची चिंता करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या तामोरेबाई. नवापूरच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. आम्ही लिहिलेले प्रोग्रॅम तपासणं हे त्यांचं काम, आणि त्यांनी सही केल्याशिवाय काहीही गिऱ्हाइकाकडे जायचं नाही हा कंपनीचा नियम.

कंपनी म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामाच्या वरचा मजला. आम्ही आठजण. खिडक्या कायम बंद, कारण बाहेर कुठल्या कारखान्याचा कसला वास सुटेल त्याचा नेम नसे. सगळीकडे सन दोन हजारच्या गोंधळाची चर्चा सुरू झाली होती. जुने प्रोग्रॅम वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत, त्यामुळे दोन हजार उजाडलं की त्यांना ते एकोणीसशे वाटणार. आमचे मालक देशपांडेसाहेब त्या भीतीवरच कामं मिळवत होते. बाईंना मात्र दोन हजारचं कौतुक नव्हतं. "ती तारीख सगळ्यांना ठाऊक हाय," त्या म्हणत. "ठाऊक असलेल्या खड्ड्यात कोण पडतंय?"

ऑफिसात त्या बेतानं, पुस्तकी मराठी बोलत. राग आला किंवा मनापासून काही सांगायचं असलं की किनाऱ्यावरची बोली आपसूक बाहेर यायची. आम्ही ते ओळखून होतो. "हाय" आणि "नाय" ऐकू आलं की आपल्या प्रोग्रॅमचं काही खरं नाही.

त्यांची रीत साधी होती. कुठलीही मुदत दिसली की त्या तीन वेळा तपासायच्या: मुदतीच्या आदल्या क्षणी, नेमक्या त्या क्षणी आणि नंतरच्या क्षणी. तिन्ही उत्तरं वहीत. बाहेरच्या जगातही त्यांचं हेच चाले. पालघरला तहसील कचेरीत एकदा त्यांच्या बरोबर गेलो होतो. खिडकीतला कारकून म्हणाला, "तीस तारखेपर्यंत अर्ज द्या." बाईंनी विचारलं, "तीस धरून की सोडून?" कारकुनाला ते सांगता येईना. तो आत साहेबांना विचारायला गेला, साहेब आणखी कुणाला विचारायला गेले, आणि आमच्या मागची रांग खवळली. बाई शांत उभ्या. परत येताना म्हणाल्या, "बघा, नियम त्यांचा, आणि त्यांनाच ठाऊक नाही."

संगणकाकडे त्या उशिरा आल्या होत्या. त्याआधी वसाहतीतल्याच एका औषधाच्या कारखान्यात, मालाची तपासणी करणाऱ्या खात्यात होत्या. तिथली गोष्ट मला आमच्या शिपायानं, पाडवीनं, सांगितली. नवीन वर्ष लागलं तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांवर तारीख उठवणाऱ्या शिक्क्याचं एक चाक फिरवायचं राहून गेलं. त्यामुळे गोळ्या बनल्याची तारीख पुढची आणि मुदत संपल्याची मागची असा माल तयार झाला. सुपरवायझर म्हणाला, गोळ्या चांगल्या आहेत ना, मग शिक्का कोण बघतंय! खोकी गेटपाशी आली, टेम्पो लागला. बाई आपला डबा घेऊन खाली आल्या, सगळ्यात पुढच्या खोक्यावर बसल्या आणि सुकटीची चटणी नि तांदळाची भाकरी खाऊ लागल्या. टेम्पोवाला, सुपरवायझर, मॅनेजर, सगळे भोवती उभे. जेवण संपलं तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी खोकी परत आत गेली. पुढे ते खातंच बंद झालं आणि चाळिशीच्या बाई पालघरच्या एका संगणक क्लासात विशीतल्या पोरापोरींत जाऊन बसल्या.

"खरंय का हे?" मी एकदा विचारलं.

"सुकट नव्हती. बोंबील होते," त्या म्हणाल्या.

आता त्या जानेवारीकडे येतो. सन अठ्ठ्याण्णवचा.

आमच्या कंपनीनं एक कुलूप बनवलं होतं. म्हणजे संगणकातलं कुलूप: कुठलाही मजकूर घ्यायचा, त्याचं कुणालाही न कळणाऱ्या अक्षरांत रूपांतर करायचं, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच तो परत वाचता यायचा. याला इंग्रजीत एन्क्रिप्शन म्हणतात. किल्ली म्हणजे फ्लॉपीवर ठेवलेला एक लांबलचक आकडा. प्रत्येक किल्लीला मुदत असे. मुदत संपली की प्रोग्रॅम ती किल्ली स्वतःहून पुसून टाकी, जुनी किल्ली भलत्याच्या हाती लागू नये म्हणून. शिवाय मजकूर कुलपात गेला की मूळ मजकूरही पुसला जाई. या दोन्ही कल्पना माझ्या होत्या आणि मला त्यांचा फार अभिमान होता.

ते कुलूप पहिल्यांदा घेणार होते डॉक्टर राऊत. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना. रंगाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांतले कामगार त्यांच्याकडे येत. कोण कुठल्या खात्यात किती वर्षं होता, हाताला काय लागत होतं, लघवीच्या तपासणीत काय निघालं, हे सगळं डॉक्टर वर्षानुवर्षं लिहून ठेवत. एकदा त्यांच्या कपाटाचं कुलूप कुणीतरी फोडलं होतं, आणि उरलेल्या रजिस्टरांना वाळवी लागली होती. म्हणून ते सगळं संगणकात टाईप करून घेतलं होतं आणि आता त्यांना ते बंदोबस्तात ठेवायचं होतं.

"मुदत चाळीस वर्षं हवी," ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "हे रोग सावकाश येतात. पंचविशीत रंगाच्या टाकीपाशी उभा राहिलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी लघवीतून रक्त जातं म्हणून येतो. तेव्हा हा कागद नसेल तर तो काय दाखवणार?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी चाळीस वर्षांची किल्ली बनवून पाहिली. झकास चालली. बाईंना सांगितलं, झालं.

"कुठल्या तारखेला बघितलंत?"

"आज."

"म्हणजे एकाच तारखेला बघितलंत," म्हणत त्यांनी वही उघडली.

सतरा तारखेच्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, त्यांनी मला हाक मारली. "शिंदेभाऊ, जरा या हिकडं." ते 'हिकडं' ऐकून मी हातातलं काम तसंच टाकून उठलो.

पडद्यावर लिहिलं होतं: किल्लीची मुदत संपली आहे. किल्ली नष्ट करण्यात आली.

"कधी बनवलेली किल्ली?" मी विचारलं.

"आत्ता. तुमच्यासमोर परत बनवते."

त्यांनी नवी किल्ली बनवली, मुदत चाळीस वर्षं. एका क्षणात तोच मजकूर. जन्मली आणि मेली. मी म्हणालो, तुम्ही संगणकाची तारीख पुढं केलीत म्हणून. मी म्हणालो, व्हायरस असेल. त्यांनी वही पुढे केली. संगणकाची तारीख एक जानेवारी ठेवली तर किल्ली चालते. एक फेब्रुवारी ठेवली तर मरते. मग मधली: पंधरा जानेवारीला चालते. चोवीसला मरते. वीसला मरते. अठराला चालते. एकोणीसला सकाळी आठला चालते, नऊला मरते. अशी मधोमध चिरत चिरत त्या एका मिनिटापर्यंत पोचल्या होत्या. एकोणीस जानेवारी, सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं.

मी किल्लीच्या आत साठवलेली मुदतीची तारीख काढून पाहिली. तिथं १४ डिसेंबर १९०१ होतं.

बाई चष्मा काढून त्या तारखेकडे बघत राहिल्या. "एकोनीसशे एक," त्या हळूच म्हणाल्या. "तवा माजी आजी पन जन्मली नव्हती."

मग मला उलगडलं. संगणक १९७० सालच्या आरंभापासूनचे सेकंद मोजतो. तो आकडा ज्या खणात ठेवतो त्या खणाला मर्यादा आहे, आणि तो खण २०३८ सालच्या एकोणीस जानेवारीला, आपल्या घड्याळात सकाळी पावणेनऊच्या सुमारास, काठोकाठ भरतो. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून उणे होतो आणि संगणक १९०१ सालात जाऊन पडतो. मी आजच्या तारखेत चाळीस वर्षं मिळवत होतो. एकोणीस तारखेपर्यंत ती बेरीज खणात मावत होती. परवापासून मावणार नव्हती. आणि डॉक्टरांकडे कुलूप बसवायचं ठरलं होतं परवाच, सोमवारी, सकाळी अकराला.

देशपांडेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग चाळीसच्या जागी तीस टाका. डॉक्टर काय मोजत बसणार आहेत? दुरुस्ती मागाहून करू."

"दहा वर्षं तीस चालतील," बाई म्हणाल्या. "मग दर वर्षाला एक वर्ष कमी होत जाईल. आणि त्यांनी चाळीस मागितलीत. त्यांना सांगायला नको?"

"बाई, हे पहिलं गिऱ्हाईक आहे. पहिल्याच दिवशी आमच्या कुलपात खोट आहे म्हणून सांगू?"

"मी सही करनार नाय."

"नका करू."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. बाईंनीही माझ्याकडे पाहिलं असणार. मला ते बघायचं नव्हतं.

सोमवारी अकराला साहेब आणि मी दवाखान्यात पोचलो. संगणकासमोरच्या खुर्चीत मी बसणार, मी तीस टाकणार, असं ठरलं होतं. पण डॉक्टर स्वतःच तिथं बसले होते. "मला शिकू द्या," ते म्हणाले. "पुढं मलाच वापरायचंय." त्यांनी सगळ्या कामगारांच्या नोंदी निवडल्या. पडद्यानं विचारलं, किल्लीची मुदत किती वर्षं? डॉक्टरांचं बोट चारच्या आकड्यावर गेलं. मग शून्यावर. मग ते थांबले आणि मागे वळून त्यांनी आधी साहेबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे ना?"

साहेबांना वाटत असावं, किल्ली गेली तर दुसरी बनवता येईल. साहेब म्हणाले, "हो, हो, पुढं जा." मी काही बोललो नाही.

डॉक्टरांनी कळ दाबली. नोंदी एकेक करून कुलपात गेल्या, मूळ नोंदी पुसल्या गेल्या, आणि मग माझ्याच हातानं लिहिलेलं ते वाक्य आलं. किल्लीची मुदत संपली आहे. किल्ली नष्ट करण्यात आली.

बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकत होतं तेवढाच आवाज. त्या खोलीत शेकडो माणसांचं आजारपण होतं ते आता कुणालाही, अगदी आम्हालाही, वाचता येणार नव्हतं, आणि ते मी केलं होतं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

डॉक्टरांनी शांतपणे टेबलाचा खण उघडला. आतून रबर लावलेला फ्लॉप्यांचा गठ्ठा काढून आमच्यासमोर ठेवला.

"काल रविवारी तुमच्या तामोरेबाई आल्या होत्या," ते म्हणाले. "नवापूरहून सकाळीच. म्हणाल्या, उद्या काहीही करायच्या आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवा. दुपारपर्यंत बसून त्यांनीच काढून दिली. का, ते मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं." ते माझ्याकडे वळले. "चाळीस टाकलं की काय होणार ते मला माहीत होतं. तुम्ही सांगता का, एवढंच मला बघायचं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याइतकी शिक्षा मला कुणीच कधी दिली नाही.

ऑफिसात परतलो तर साहेबांच्या टेबलावर बाईंचा राजीनामा होता. चार ओळींचा. 'परवानगीशिवाय गिऱ्हाइकाकडे गेले, हे नियमाला सोडून आहे, म्हणून.' साहेब तो वाचून खालीच बसले. मला वाटलं, ते ओरडतील. ते म्हणाले, "हिनं आपल्याला वाचवलं की बुडवलं, शिंदे?" थोड्या वेळानं डॉक्टरांचा फोन आला. कुलूप ते घेणार होते, पण एका अटीवर: तामोरेबाईंची सही असेल तर. साहेबांनी बाईंना थांबायची विनंती केली. बाई म्हणाल्या, "सही करण्याजोगं होईपर्यंत थांबते. पुढं नाही."

मग तीन आठवडे आम्ही दोघं समोरासमोर बसून ते काम केलं. सेकंद मोजणं सोडून मी वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे ठेवले. किल्ली आपोआप पुसणं काढून टाकलं; प्रोग्रॅम आता आधी विचारू लागला. नक्कल काढल्याची खात्री झाल्याशिवाय मूळ मजकुराला हात लावायचा नाही, ही बाईंची अट. रोज त्या माझं काम मोडत आणि मी परत बांधत. दवाखान्यातल्या त्या सकाळबद्दल त्यांनी मला एका शब्दानंही छेडलं नाही. त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं.

तपासणीसाठी त्या खोट्या कामगारांच्या नोंदी भरत. नावं काहीबाही असत, अ ब क सुद्धा. पण पहिली नोंद दर वेळी तीच: रघुनाथ. खातं, रंग. कामाला लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, अगदी नेमकी. एकदा मी हसत विचारलं, "हा रघुनाथ कोण बुवा? दर वेळी हाच पहिला."

बाईंचे हात थांबले.

"माजा मोठा भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्याच वसाहतीत होता. रंगाच्या टाकीवर. संध्याकाळी घरी यायचा तवा हात निळे, थुंकी पन निळी. पोरं हसायची. मंग मूत्राशयाचा कर्करोग निघाला. कारखान्यात गेलो तर म्हनतात, हा मानूस रंगखात्यात नव्हताच, गेटवर होता. जुने कागद दाखवा म्हटलं, तर जुने कागद नायत. गेला तो. दोन वर्सां झाली." त्यांनी चष्मा पुसला. "त्या तारखा मला पाठ हायत. पन मला पाठ असून काय उपेग?"

दोन वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करत होतो, त्यांच्या डब्यातलं खात होतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. आणि त्या शनिवारी, मी मान खाली घातली तेव्हाही, त्यांनी भावाचं नाव काढलं नव्हतं.

फेब्रुवारीत त्यांनी सही केली. आदल्या क्षणी, नेमक्या क्षणी, नंतरच्या क्षणी: तीन रकाने, तिन्हीत 'चालते'. खाली वळणदार अक्षरांत वि. तामोरे. वही आपल्या पिशवीत टाकली, पाडवीला घरी यायचं निमंत्रण दिलं, आणि गेल्या.

पुढच्या वर्षी मी पुण्याला परत जायचं ठरवलं. जाण्याआधी डॉक्टर राऊतांचा निरोप घ्यायला दवाखान्यात गेलो. डॉक्टर आत पेशंट बघत होते. बाहेरच्या खोलीत, बाकासमोरच्या टेबलापाशी, तामोरेबाई. कामगारांच्या नोंदी घ्यायचं काम आता त्या करत होत्या. समोर डोंगराकडच्या गावातून आलेली एक बाई बसली होती. रसायनाच्या पिशव्या धुवायच्या कामावर होती ती. हाताची कातडी सोललेली.

"जन्मतारीख?"

"नाय ठावं, बाय."

"साल?"

"त्ये बी नाय. एक जानेवारी लिवा. मागं एका सायबानं तसंच लिवलं हुतं."

"नाय," तामोरेबाई म्हणाल्या. "ती त्या सायबाची तारीख. तुजी नाय. आई काय सांगायची? काय काम चालू होतं तवा?"

ती बाई विचारात पडली. सोललेली बोटं गुडघ्यावर हलकेच आपटत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"नागली कापत हुती आय. वावरातच दुखाया लागलं, म्हनायची. इळा तसाच टाकून घरला आली."

"मोठा भाऊ हाय?"

"हाय ना. त्यो चालाया लागला हुता. आन् तारापूरची अणूची वीज तवा नवीनच हुती, बा तिथं माती वाहाया गेला हुता."

तामोरेबाईंनी संगणकावर हात ठेवला, पण टाईप केलं नाही. पडद्यावरच्या तारखेच्या चौकटीत त्यातलं काहीच मावणार नव्हतं. त्यांनी चौकट मोकळीच सोडली आणि शेरा लिहायच्या जागी एकेक अक्षर बघून टाईप करू लागल्या. आईची नागलीची कापणी. भाऊ चालू लागलेला. बाप तारापूरला माती वाहायला. मधेच त्यांनी वर पाहिलं, मी दिसलो. हातानंच बाकाकडे खूण केली, बसा म्हणून.

आणि परत तिच्याकडे वळून विचारलं, "कापनी अर्धी झाली होती का सगळी?"